कु. ह. हिची खरी उंची

मनोविश्लेषणाच्या स्थानिक इतिहासात कु. ह. हिची उंची पाच फूट सात इंच आहे. प्रत्यक्षात ती चार फूट अकरा इंच भरते. या आठ इंचांच्या फरकावर एक संस्था, एक वार्षिक, तीन प्रबंध आणि दोन बहिणींमधला चाळीस वर्षांचा अबोला उभा आहे.

ह म्हणजे हात. ग्रंथात ती या एका अवयवापुरतीच आली, त्यामुळे उरलेल्या बाईला नाव देण्याची गरज कुणाला भासली नाही. घरात, कामावर आणि पुढे सगळ्या गल्लीत तिला ताई म्हणत. बाप सुतार होता. आई लवकर गेल्यामुळे त्यानेच ताईला आणि तिच्याहून नऊ वर्षांनी लहान असलेल्या धाकटीला वाढवले, वेण्या घालण्यापासून सगळे केले. वेण्या थोड्या घट्ट होत, पण सुटत नसत.

बाविसाव्या वर्षी ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली. समोरच्या उभ्या बोर्डावर दिवा लागला की तिथे कॉर्डचा प्लग लावायचा, नंबर विचारायचा, आणि मागितलेल्या नंबरच्या भोकात दुसरा प्लग खुपसायचा. दिवसाला सहाशे-सातशे वेळा. चौदा नंबरच्या जागेवर नवा बोर्ड आला तेव्हा त्याची सर्वांत वरची ओळ जुन्यापेक्षा चांगलीच उंच निघाली. ताईने तक्रार केली. सुपरवायझरबाईंनी बोर्डाकडे पाहिले, ताईकडे पाहिले आणि निकाल दिला, "ताणलं की पोचतं."

ताणले की पोचत होते, यात वाद नाही. ताई सात महिने ताणत राहिली. आठव्या महिन्यातल्या एका सकाळी तिचा उजवा हात खांद्यापर्यंत आला आणि अडला. वर जाईना. कंपनीच्या डॉक्टरने फोटो काढला, उजेडात धरला आणि हाड शाबूत असल्याचे सांगितले. हाड शाबूत आणि हात अडलेला, तेव्हा दोष मनाचा: तर्कशास्त्रातली ही उडी त्या काळी नवीन होती, आणि नवीन उडी मारून बघायला कुणाला आवडत नाही?

ताईची रवानगी थोरल्या डॉक्टरांकडे झाली. थोरले डॉक्टर परदेशात मनोविश्लेषण शिकून नुकतेच परतले होते आणि येताना त्यांनी तीन गोष्टी आणल्या होत्या: टोकदार दाढी, एक लांबलचक कोच, आणि माणूस जे सांगतो ते सोडून बाकी सगळे खरे असते हा सिद्धांत. या विद्येच्या मूळपुरुषाने रुग्णाला आडवे करून आपण उशामागे बसण्याची रीत पाडली. दिवसभर लोकांनी आपल्या तोंडाकडे बघत राहावे हे त्याला सोसत नसे, असे त्यानेच म्हणून ठेवले आहे. गुरूच्या गैरसोयीचे शास्त्र करणे हे शिष्यांचे काम. ते थोरल्या डॉक्टरांनी निष्ठेने केले होते. दाढी होती, कोच होता, खोलीला जाड पडदे होते. नव्हती ती फक्त केस.

"मनात येईल ते बोला," डॉक्टर उशामागून म्हणाले.

"स्टूल बुटकं आहे," ताई म्हणाली.

"आणखी?"

"बोर्ड उंच आहे."

"बुटकं आणि उंच." डॉक्टरांनी शब्द तोंडात घोळवले. "घरात उंच कोण?"

"बाबा. पण ते काही बोर्डावर बसत नाहीत."

पेन्सिल धावू लागल्याचा आवाज ताईला ऐकू आला. आठवड्यातून चार दिवस, रोज पन्नास मिनिटे, ती स्टुलाबद्दल सांगत राहिली आणि तो आवाज येत राहिला. आपले म्हणणे शब्दशः उतरवून घेतले जात आहे, अशी तिची भाबडी समजूत झाली. वहीत वेगळेच पीक येत होते. 'रुग्ण स्टुलाचा विषय वारंवार काढते. स्टूल म्हणजे बापाची मांडी.' पुढे एकदा, पन्नास मिनिटे भरायची म्हणून, तिने लहानपणीची एक गोष्ट सांगितली. दर वर्षी बाप दोघी बहिणींना दाराच्या चौकटीशी उभे करून पेन्सिलीने उंचीची खूण करी आणि ताईची खूण गेल्या सालच्याच रेघेवर पडली की हसून म्हणे, "ही फळी काही फुगत नाही बाबा." ताई सांगता सांगता हसली. उशामागे कुणी हसले नाही. डॉक्टरांना त्यांची केस सापडली होती.

इकडे बापानेही तपास चालवला होता. पण अडाणी माणूस, त्याला मनाचे काही कळत नव्हते. "हात कुठवर जायला हवा आणि तू बसतेस कुठे?" एवढेच त्याने विचारले. मग एका सुट्टीच्या दिवशी सुपरवायझरबाईंची परवानगी काढून तो एक्स्चेंजमध्ये गेला, माप घेतले, घरी येऊन लाकडाचे चार ठोकळे कापले, त्यांना वरून खाचा पाडल्या आणि दुसऱ्या दिवशी चौदा नंबरच्या स्टुलाच्या चारही पायांखाली बसवून दिले. ताईचा हात लगेच सुटला नाही. पण ताणायचे थांबल्यावर दुखणे दिवसेंदिवस उतरत गेले आणि तिसऱ्या आठवड्यातल्या एका गुरुवारी तिने वरच्या ओळीत प्लग लावला. शेजारच्या मुलीने टाळी वाजवली आणि तिचा एक कॉल तुटला.

दुर्दैव असे की आदल्याच दिवशी, बुधवारी, थोरल्या डॉक्टरांनी तिला निदान ऐकवले होते: चौकटीशी झालेल्या अपमानापासून तिला बापाच्या थोबाडीत मारायची इच्छा आहे, ती इच्छा तिने दाबली, आणि दाबलेल्या इच्छेने हात धरून ठेवला आहे. बुधवारी निदान, गुरुवारी हात वर. शास्त्राला याहून काय हवे असते?

"ठोकळ्यांमुळे झालं, डॉक्टर," ताई म्हणाली.

"ठोकळे कुणी दिले?"

"बाबांनी."

"बघा," डॉक्टर म्हणाले.

वर्षभरात ग्रंथ निघाला. रुग्णाची ओळख लपवणे हा त्या व्यवसायाचा धर्म. तो डॉक्टरांनी असा पाळला की बाविशीची ताई सव्वीस वर्षांची झाली, सुतार बाप कारकून झाला, आणि चार फूट अकराची मुलगी पाच फूट सात इंच उंच झाली. एक्स्चेंज तेवढे त्यांनी बदलले नाही. प्लग आणि भोक यांवर त्यांची नऊ पाने लिहून झाली होती आणि त्या पानांवर पाणी सोडण्याइतका धर्म कडक नव्हता. परिणाम असा झाला की गावात एक्स्चेंज एकच आणि हात अडलेली मुलगीही एकच असल्यामुळे ती कोण हे सर्वांना कळले. आणि तिचा हात का अडला हे मात्र कुणालाच कळेनासे झाले, कारण ग्रंथातल्या उंच मुलीचा हात वरच्या ओळीपर्यंत बसल्या जागेवरून सहज पोचला असता. लपवायचे ते उघडे पडले होते आणि सांगायचे ते लपले होते. दाबून टाकणे या क्रियेवर डॉक्टरांचा अधिकार मोठा होता, हे कबूल केले पाहिजे.

कृतज्ञतेपोटी डॉक्टरांनी एक प्रत घरी पाठवली, 'सप्रेम भेट' असे लिहून. बाप रोज संध्याकाळी कानावरची पेन्सिल काढून, ओळीखाली धरून, एकेक पान वाची. एकसष्टाव्या पानावर तो थांबला. तिथे थोबाडीत मारण्याची इच्छा होती.

"बाबा, मी असं काही म्हटलेलं नाही," ताई म्हणाली.

"तू नाही गं," बाप म्हणाला. "तुझ्या आतल्या कुणीतरी म्हटलं असेल. शिकलेला माणूस आहे तो, उगाच छापेल का?"

त्या दिवसापासून त्याने पोरींसमोर हात दिसू देणे सोडले. घरात आला की हात खिशात. बसला की मांडीखाली. ज्या हातांनी वेण्या घातल्या, ते हात तो एखाद्या चोरीच्या मालासारखे लपवून हिंडू लागला. ताई कमावती होती, तिने ते सोसले. धाकटी पंधरा वर्षांची होती. परीक्षेत पहिली आली म्हणून ती बापापुढे जाऊन उभी राहिली तेव्हा बापाने "छान, छान" म्हटले आणि हात खिशातच ठेवले. नऊ वर्षांनी बाप गेला. तो गेल्यावर धाकटी ताईला एकच वाक्य बोलली: "तुझ्या हातापायी माझ्या डोक्यावरचा हात गेला."

"अगं, मी तसं बोललेच नव्हते."

"मग पुस्तकात आलं कुठून?"

याला उत्तर नव्हते. निदान छापील नव्हते. धाकटी पुढे ग्रंथालयात लागली आणि छापील शब्दावरची तिची श्रद्धा पगारी झाली. तिच्याच कपाटात तो ग्रंथ होता. तो कितीजणांनी वाचायला नेला याची नोंद ती दर वर्षअखेरीस बघे आणि ताईला एका ओळीच्या पत्राने कळवे. बहिणींमध्ये तेवढाच पत्रव्यवहार होता. शेवटचा आकडा दोनशे बारा.

ताईचे बाकीचे आयुष्य सुरळीत गेले. लग्न केले ते कंपनीतल्याच लाइनमनशी. त्याने तो ग्रंथ चाळून, "एवढी उंच असतीस तर मी विचारलंच नसतं," एवढा एकच अभिप्राय दिला, आणि त्या विषयावर आजवर झालेल्या लेखनात तोच सर्वांत समंजस ठरावा. तिने चौतीस वर्षे नोकरी केली. एक्स्चेंज आपोआप चालू लागले, बोर्ड भंगारात गेला, नवरा गेला. सांधे दुखू लागले; उजवा खांदा मात्र ठणठणीत राहिला.

ती चौऱ्याहत्तर वर्षांची असताना थोरल्या डॉक्टरांच्या संस्थेचे पत्र आले. ग्रंथाला पन्नास वर्षे होत होती, सुवर्णमहोत्सवी आवृत्ती निघणार होती, आणि समारंभात 'या शास्त्राच्या यशाची जिवंत साक्ष' म्हणून ताईने मंचावर बसावे अशी विनंती होती. ताईने पत्र दोनदा वाचले. समारंभात तिला रस नव्हता. नवी आवृत्ती या शब्दांशी ती थांबली. छापलेले होते ते पुन्हा छापले जाणार होते. म्हणजे बदलता येणार होते. आणि धाकटीला पटेल असे जगात काही असलेच तर ते छापलेलेच असणार होते.

संस्थेच्या संचालकांनी तिला खुर्ची दिली. ते थोरल्या डॉक्टरांचे शेवटचे शिष्य. ऐकताना डोळे अर्धवट मिटण्याची कला त्यांनी गुरूंकडून घेतली होती. ताईने सगळे सांगितले, बोर्ड, स्टूल, ठोकळे, बाप.

"पण पुस्तकात तुम्ही पाच फूट सात इंच आहात," संचालक म्हणाले.

"मी चार फूट अकरा आहे. तुमच्यासमोर आहे."

"वयाने माणूस थोडा खचतो."

"आठ इंच?"

संचालकांनी डोळे आणखी थोडे मिटले. मूळ ग्रंथाला हात लावता येणार नाही, तो वारसा आहे. मात्र तळटीप देता येईल, असे ते म्हणाले आणि तिथल्या तिथे त्यांनी ती लिहूनही दाखवली: 'रुग्ण आजही ही इच्छा नाकारते. पन्नास वर्षे टिकलेला नकार इच्छेची तीव्रता सिद्ध करतो.'

"म्हणजे मी हो म्हटलं तरी मारायचं होतं, आणि नाही म्हटलं तर जास्तच मारायचं होतं?"

"तुम्ही फार सुंदर मांडलंत," संचालक म्हणाले.

बाहेरच्या खोलीत संस्थेची लेखनिक बाई टाइप करत बसली होती. दार पातळ होते. तिने सगळे ऐकले होते. ताई चपला घालू लागली तशी ती हळूच म्हणाली, "आजी, तुम्ही खुर्चीवर बसून बोललात. इथे खुर्चीवर बोललेलं हवेत जातं. कोचावर बोललेलं कागदावर जातं."

"म्हणजे?"

"नियम आहे थोरल्या डॉक्टरांचा. कोचावरच्या माणसाचा शब्द न् शब्द लिहून घ्यायचा, काना-मात्रा बदलायची नाही, आणि सगळाच्या सगळा संस्थेच्या वार्षिक अंकात छापायचा. शिवाय लिहिणाऱ्याने मध्ये तोंड उघडायचं नाही. मीच टाइप करते, मला माहीत नसेल तर कुणाला?"

थोरल्या डॉक्टरांनी हा नियम उतारवयात केला होता. स्वतः त्यांनी तो कधी पाळला नाही. शिष्य त्यामुळेच तो कटाक्षाने पाळत.

"तो कोच रिकामा कधी असतो?" ताईने विचारले.

"मंगळवारी चारला. लिहू नाव?"

"कु. ह. लिही."

मंगळवारी चारला ताई कोचावर आडवी झाली. तिच्या पावलांपुढे हातभर कोच शिल्लक राहिला. पडदे तेच होते, धूळ वाढली होती. संचालक उशामागे बसले आणि म्हणाले, "मनात येईल ते बोला."

ताईने मनात येईल ते बोलायचे नाही असे घरूनच ठरवून आणले होते. चौतीस वर्षे तिने तुटक्या लाइनींवरून अनोळखी माणसांना नंबर सांगितले होते. समोरच्याने चुकीचे उतरवू नये म्हणून कसे बोलायचे हे तिला ठाऊक होते. ती एकेक शब्द सुटा करून बोलू लागली.

"माझी उंची चार फूट अकरा इंच. चार, आणि अकरा." ती थांबली. पेन थांबल्याचा आवाज आला की पुढचे वाक्य. "चौदा नंबरच्या बोर्डाची वरची ओळ माझ्या हाताबाहेर होती. बसून पोचत नव्हती, ताणून पोचत होती. माझे वडील कारकून नव्हते. सुतार होते. त्यांनी स्टुलाखाली दोन इंचांचे चार ठोकळे बसवले. त्यानंतर हात बरा झाला. त्यांनी माझ्यावर हात कधी उगारला नाही. मलाही त्यांच्यावर उगारायचा नव्हता. हे पुस्तक वाचल्यावर ते आमच्यासमोर हात लपवून बसत. नऊ वर्षं. लिहिलंत?"

उशामागून उत्तर येणे नियमात बसत नव्हते. पण पन्नास मिनिटांपैकी बेचाळीस शिल्लक होती आणि ताई आता नुसती छताकडे बघत पडली होती. संचालकांना राहवले नाही.

"ठोकळे चारच का?" त्यांनी विचारले.

"स्टुलाला पाय चार होते."

पुढची बेचाळीस मिनिटे ती शांत झोपली. तेही नियमाप्रमाणे लिहून घेतले गेले.

समारंभाला ती गेली नाही. मंचावरच्या तिच्या रिकाम्या खुर्चीवर अध्यक्ष पंचवीस मिनिटे बोलले, असे लेखनिक बाईने फोनवर कळवले. दोन महिन्यांनी वार्षिक आले. ताईचे बोलणे पहिल्या दोन पानांत होते, काना-मात्रेसह. त्यापुढे एकतीस पाने संचालकांचा लेख होता, 'चार पायांचा बाप: कु. ह. हिचे दुसरे विश्लेषण'. त्यात दोन या संख्येवर एक प्रकरण होते, आणि बेचाळीस मिनिटांच्या झोपेवर दोन. ताईने तो लेख उघडून पाहिला, अकराव्या ओळीवर मिटला, आणि पहिल्या दोन पानांत खुणेचा कागद घालून वार्षिक धाकटीच्या पत्त्यावर पाठवून दिले. पत्र जोडले नाही. जे छापलेले नाही ते धाकटी वाचत नसे.

मग वाट बघणे आले. एक आठवडा गेला, दोन गेले. ताई टपालवाल्याला जिन्यातच गाठी. लाइट बिल आले, पेन्शनचा कागद आला. आपण पन्नास वर्षे उशीर केला, असे तिला वाटू लागले. एक्स्चेंजमध्ये असे होई: लाइन शेवटी लागायची, पण पलीकडे उचलायला कुणी उरलेले नसायचे.

तिसऱ्या शनिवारी दुपारी दाराची घंटा वाजली. पासष्ट वर्षांची धाकटी दारात उभी होती, काखेत वार्षिक, कपाळावर आठ्या. न विचारता आत आली आणि खुर्चीवर बसली.

"तेहेतीसच्या तेहेतीस पानं वाचली," ती म्हणाली. "मागची एकतीस कुठल्या भाषेत आहेत ते कळलं नाही."

"मलाही नाही कळलं."

"पुढच्या दोनात चूक आहे."

"काय चूक आहे?"

"दोन इंच म्हटलंयस तू. दोन नाही, अडीच."

"तुला काय माहीत? बाबा एकटे गेले होते माप घ्यायला."

"एकटे कुठले? मला घेऊन गेले होते. टेपचं खालचं टोक मी धरलं होतं, त्या घाणेरड्या जमिनीवर गुडघे टेकून. बाबा वरून म्हणाले, अडीच लिही. मीच लिहिलं, त्यांच्या पेन्सिलीने." बोलता बोलता धाकटी अडखळली. वार्षिक तिने मांडीवर उलटे ठेवले. "हे मला परवापर्यंत आठवत नव्हतं, ताई. तुझं वाचलं आणि एकदम आठवलं. म्हणजे मला सगळं माहीत होतं. मी तिथे होते. तरी मी दर वर्षी ते पुस्तक बघायची आणि मला तेच खरं वाटायचं."

ग्रंथाने दोनशे बारा लोकांना काय शिकवले हे सांगणे कठीण. पण एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या मनातून अडीच इंच उचलून पन्नास वर्षे खोल पुरून ठेवण्याची करामत त्याने निश्चित केली होती. थोरल्या डॉक्टरांचा सिद्धांत खरा ठरला होता. फक्त रुग्ण चुकला होता.

"असं कसं विसरले मी?" धाकटीने विचारले.

"हे बाहेर कुणाला विचारू नकोस. एकतीस पानं लिहितील."

धाकटीला हसू आले, ते तिने पदराआड दाबले, आणि ते दाबले गेले नाही. बऱ्याच वेळाने डोळे पुसून ती पुन्हा आपल्या मुद्द्यावर आली.

"पण अडीच ते अडीच. बाबांचा अर्धा इंच तू का खाल्लास? छापलंय ते आता. लोक दोनच धरून चालतील."

"मग काय करू? पुन्हा जाऊन झोपू त्या कोचावर?"

"तू नको. तू माप घेताना नव्हतीस." धाकटीने पर्समधून चष्मा काढला आणि वार्षिकाच्या मागच्या पानावरचा संस्थेचा नंबर शोधू लागली. "मी जाते. मंगळवारी मिळेल का वेळ? आणि तिथे चपला बाहेर काढाव्या लागतात की कोचापाशी?"